गर्भारपणातील नैराश्य आणि शरीरातील दाह

गर्भारपणात एखादी स्त्री आठवडेच्या आठवडे उदास राहिली, तिची अन्नावरची वासना उडाली आणि झोप हरपली, तर त्याचे कारण बहुधा तिच्या स्वभावात शोधले जाते. परंतु अलीकडच्या संशोधनाने या उदासीचा संबंध रोगप्रतिकारशक्तीशीही जोडला असून, पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत त्याकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.

जंतुसंसर्ग किंवा इजा झाल्यावर शरीर जी बचावाची प्रतिक्रिया देते, तिला दाह म्हणतात. त्या वेळी संरक्षक पेशी सायटोकाइन नावाची, पेशीपेशींत संदेश पोहोचवणारी प्रथिने सोडतात. सेरोटोनिन हे मनःस्थिती सांभाळणारे द्रव्य मेंदू ट्रिप्टोफॅन या अन्नातील घटकापासून बनवतो. दाह वाढला की ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्या मार्गाकडे अधिक वळते आणि तेथे तयार होणारी काही द्रव्ये चेतापेशींना अपायकारक ठरू शकतात. निरोगी गर्भारपणातही गर्भ रुजताना दाह वाढतो, मधल्या महिन्यांत शमतो आणि प्रसूतीच्या सुमारास पुन्हा जोर धरतो. नैराश्य असलेल्या गर्भवतींच्या रक्तात काही अभ्यासांना दाहाच्या खुणा अधिक आढळल्या, काहींना तसा फरक दिसला नाही. म्हणून दारिद्र्य, घरातील हिंसा आणि एकटेपणा यांच्या जोडीचे एक संभाव्य कारण, एवढेच स्थान दाहाला देणे योग्य ठरते.

डहाणू-तलासरीत ही कारणे एकाच स्त्रीच्या वाट्याला येऊ शकतात. येथील वारली आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, ज्यात दाह दीर्घकाळ टिकतो. हिवताप आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्यात भर घालतात. दाहामुळे यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि ते आतड्यातून होणारे लोहाचे शोषण रोखते, त्यामुळे लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्तक्षय सहजी हटत नाही. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा गर्भवतीची तपासणी, अंगणवाडीतील अमृत आहार योजनेचे जेवण आणि माहेरचा आधार एकदमच तुटतो.

गोव्यातील मातांच्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 23 टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतर नैराश्य आढळले आणि गरिबी व वैवाहिक हिंसा यांच्याशी त्याचा संबंध दिसला. असे नैराश्य ओळखण्यासाठी 1987 साली तयार झालेली एडिनबरो प्रश्नावली केवळ दहा प्रश्नांची आहे. प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली जी तपासणी होते, तिच्यात हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि लघवीच्या तपासणीबरोबर हे प्रश्नही, घरच्या माणसांपासून बाजूला आणि स्त्रीच्या स्वतःच्या बोलीत, विचारले जावेत. दाहाच्या नावाखाली दुकानातून वेदनाशामक गोळ्या मात्र कोणी घेऊ नयेत, कारण आयबुप्रोफेनसारखी औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना व हृदयाजवळील रक्तवाहिनीला अपाय करू शकतात. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी समुपदेशन सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

नैराश्याने खचलेली स्त्री तपासणीला येईनाशी होते, गोळ्या चुकवते, जेवण टाळते आणि त्यामुळे ज्या संसर्गावर सहज उपचार झाला असता, तोच अंगात मुरतो. तिच्या मनाची विचारपूस हा म्हणूनच तिच्या रक्तक्षयावरील आणि संसर्गावरील उपचाराचाही भाग आहे, आणि तो प्रत्येक गर्भवतीला मिळालाच पाहिजे.