मित्राने दिलेला झब्बू

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत एक्का आणि राजा हे वैभव मानले जाते. झब्बूत मात्र तीच पाने गळ्यातील धोंड ठरतात. येथे हात जिंकायचे नसतात. पाने संपवून सुटायचे असते.

चौघे मित्र बसले, ५२ पाने प्रत्येकी १३ वाटली गेली आणि इस्पिकच्या एक्क्याने आरंभ झाला, की स्नेहाला तात्पुरती रजा मिळते. पहिल्याने किलवरची दुर्री उतरावी, दुसऱ्याने नाइलाजाने राजा टाकावा, तिसऱ्याने छक्की, आणि ज्याच्याजवळ किलवरच नाही अशा चौथ्याने मोठ्या सौजन्याने बदामची राणी पुढे करून म्हणावे, "घ्या झब्बू!" साऱ्या पानांचा भार राजेसाहेबांच्या माथी! पण त्या भारातच ती दुर्री असते. राजेसाहेब तीच पुन्हा उतरतात. तिसऱ्याला किलवर टाकणे भाग पडते, आणि चौथ्याचा नवा झब्बू त्या निरपराध्याच्या पदरी! अखेरीस ज्याच्या हाती पाने उरतील तो गाढव.

अशा विश्वासघाताने मैत्री तुटत कशी नाही? नवख्या पाहुण्याला झब्बू देताना हात किंचित आखडतो. जिवलगाला देताना मुळीच नाही. ज्या दिवशी त्या नवख्यालाही निःशंकपणे झब्बू मिळतो आणि तो हसत पाने उचलतो, त्या दिवशी त्याचे परकेपण संपते. मग गाढव ठरलेला गडी पत्ते पिसू लागतो, आणि चौघेही पुन्हा सारखेच होतात.