हमालाचे पेय आणि हमालाची मजुरी



वाशीच्या मसाला बाजारात मिरी-ज्येष्ठमधाच्या गोणी पाठीवरून वाहणाऱ्यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने दिले. असा माणूस आज बिअरवर बोलणार म्हटल्यावर काही मंडळींच्या भुवया चढल्या आहेत, हे आम्हांला इथून दिसते आहे.

एका माथाडी कामगाराच्या मुलाने आम्हांला विचारले, "काका, विलायतेत लोक घरच्या घरी काळी स्टाउट करतात, तीत ज्येष्ठमध घालतात. आपण का करू नये?" कृती त्याला तोंडपाठ होती. मोड आणून वाळवलेले जव घ्यायचे, त्यांतले थोडे कॉफीसारखे काळे भाजायचे. भरडून सुमारे ६६ अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे त्यांतल्या पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर उकळायचा, अखेरीस ठेचलेले ज्येष्ठमध टाकायचे, निववून यीस्ट घालायचे आणि दोनेक आठवडे आंबू द्यायचे. ज्येष्ठमधाचा गोडवा यीस्टला खाता येत नाही, म्हणून तो जिभेवर मागे राहतो.

आम्ही म्हणालो, "बाळा, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून हे करणे गुन्हा आहे. शिवाय ज्येष्ठमध फार झाले तर रक्तदाब चढतो. तेव्हा पातेले चढवू नकोस. पण या पेयाची कुळकथा ऐकून जा."

अठराव्या शतकात लंडनमध्ये जी गडद बिअर निघाली तिला 'पोर्टर' म्हणत. पोर्टर म्हणजे हमाल! हमालांनी उचलून धरली म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. तीतली कडक ती 'स्टाउट पोर्टर'. पुढे नुसते 'स्टाउट' उरले.

आता त्याच लंडनच्या धक्क्यावर चला. कोळसा उतरवणाऱ्यांना तेथे काम कोण देई? गुत्तेवाला! जो त्याच्याकडे पिईल त्याला जहाजावर काम मिळे, आणि पिण्याचे पैसे मजुरीतून कापले जात. १७६८ साली या मजुरांनी बंड केले. अखेर १८४३ साली कायद्याने नोंदणीची कचेरी उघडली आणि काम गुत्त्याबाहेर मिळू लागले. पण १८५६ साली तो कायदा संपला.

आपल्याकडे अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाची नोंद मंडळात होते, मालक मजुरी मंडळात भरतो आणि मंडळ ती हमालाच्या हाती देते. लंडनच्या मजुराने जे मागितले तेच हे.

दारूचे गुणदोष सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्हांला भीती वाटते ती त्या १८५६ सालाची. कायदा मिळाला म्हणजे तो टिकलाच असे नव्हे. ज्याच्या वडिलांची नोंद मंडळात आहे, त्या मुलाने आपली नोंद तपासून यावी, एवढे आम्ही त्याला सांगितले. तेच आपणांस सांगून रजा घेतो.