श्रवणहीन बांधवांस साहाय्य : ते कोठे आहे व त्यांच्या हाती कसे पडेल
(ज्युबिली महोत्सवानिमित्त शाहूपुरी, कोल्हापूर येथे झालेले भाषण)



ज्युबिलीचे वर्ष म्हणजे आनंदाचे वर्ष, तसेच ते हिशेब पाहण्याचेही वर्ष होय. आपण काय उभारले हे सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत; आपल्यापैकी कोण मागे राहिले हे सांगण्याचे काम आम्ही आज पत्करले आहे. मागे राहिलेल्यांपैकी एक वर्ग असा आहे की, त्याच्याविषयी आम्ही येथे जे बोलत आहो तेच त्याला ऐकू येत नाही. आंधळ्याच्या हातातील काठी दिसते, पांगळ्याची कुबडी दिसते. बहिरेपणाची खूण मात्र डोळ्यांस दिसत नाही. म्हणून श्रवणहीन मनुष्यास लोक मंद, हट्टी किंवा गर्विष्ठ ठरवितात, आणि तो हळूहळू चारचौघांतून उठून एका कोपऱ्यात जाऊन बसतो.

ही मंडळी थोडी आहेत असे कोणी समजू नये. २०११ च्या शिरगणतीत श्रवणदोष असलेल्या पन्नास लाखांहून अधिक व्यक्तींची आपल्या देशात नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ४३ कोटी लोकांचा श्रवणदोष उपचार वा साहाय्य आवश्यक व्हावे इतका तीव्र आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे 'मूकबधिर' हा शब्द रूढ आहे. वस्तुतः अशा बहुतेक मुलांची जीभ व कंठ यांत काही उणे नसते. मूल बोलावयास शिकते ते कानाने. जे कधी कानावर पडले नाही ते मुखातून कसे निघावे? मूकपणा हे बहुधा बधिरपणाचे फळ असते, आणि वेळीच यत्न केल्यास ते पुष्कळ अंशी टाळता येते. या कामात वेळेइतके मोलाचे दुसरे काही नाही, कारण भाषा ग्रहण करण्याची मनाची शक्ती पहिल्या काही वर्षांत जशी तीव्र असते तशी ती पुढे राहत नाही.

या कार्याचा इतिहास आपणा कॅथोलिकांस परका नाही. सोळाव्या शतकात स्पेन देशात पेद्रो पोन्से द लेओन या बेनेडिक्टाइन संन्याशाने बधिर मुलांस लिहावयास व बोलावयास शिकविले. अठराव्या शतकात पॅरिस शहरात आबे द लेपे या धर्मगुरूने गरीब बधिरांसाठी विनामूल्य शाळा चालविली आणि त्यांच्या हातवाऱ्यांस भाषेचा मान दिला. आपल्या देशात बधिरांच्या शिक्षणाची पहिली शाळा मुंबईस १८८४-८५ च्या सुमारास निघाली, ती तेथील बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. त्या वेळी कोल्हापुरास आगगाडीदेखील नव्हती. ती १८९१ साली आली. ज्या शाहूपुरीत आपण आज जमलो आहो ती पेठही राजर्षी शाहू महाराजांनी पुढे १८९५ साली वसविली. तेव्हा करवीर प्रांतातील बधिर मुलाच्या बापास मुंबईची शाळा काशीइतकीच दूर होती. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि शाळेचे दार सर्वांस उघडले. परंतु ज्यास गुरुजींचा शब्दच ऐकू येत नाही त्यास उघड्या दारातून आत जाऊनही काय लाभ?

आज तशी स्थिती नाही. साहाय्य आहे, सरकारी आहे, आणि पुष्कळसे विनामूल्य आहे. मग अडते कोठे? अडचण अशी की, साहाय्यापर्यंत पोहोचण्याची वाट कानावरूनच जाते. चौकशी करावी तर दूरध्वनीवर बोलावे लागते. रुग्णालयात केसपेपर काढून बाकावर बसावे तर नाव पुकारले जाते. ज्याचे त्यास ते ऐकू येत नाही, आणि त्याची पाळी निघून जाते. खिडकीआडचा कारकून मान खाली घालून पुटपुटतो. दोन खेपा फुकट गेल्या की तिसऱ्या खेपेस मनुष्य जात नाही. यास्तव आज आम्ही साहाय्याची ठिकाणे तर सांगणार आहोच, पण तेथवर सोबत कोणी करावयाची हाही प्रश्न आपणापुढे ठेवणार आहो.

आधी तान्ह्या बालकांविषयी. मोठ्या आवाजाने मूल दचकत नाही, सहा महिन्यांचे झाले तरी आवाजाच्या दिशेने मान वळवीत नाही, वर्षाचे झाले तरी एखादा सोपा शब्द उच्चारीत नाही, अशी शंका येताच तपासणी करावी. आपल्या घरांत अशा वेळी ठरलेले उत्तर असते : "त्याचा मामाही उशिराच बोलला होता." मामा बोलला असेल, पण भाचा बोलेल याची हमी त्यात नाही. नवजात अर्भकाच्या कानाची परीक्षा करण्याची यंत्रे आज आहेत. एका परीक्षेत कानाच्या आतील भागाचा प्रतिसाद मोजतात. 'बेरा' नावाच्या दुसऱ्या परीक्षेत आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही हे पाहतात. मुलास काही इजा होत नाही व त्याने उत्तर द्यावे लागत नाही. जाणत्यांचा नियम असा आहे : पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ.

यासाठी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचा आरंभ आपल्याच महाराष्ट्रात पालघर येथे झाला. या योजनेत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी होते, व दोष आढळल्यास पुढील उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले जाते. अंगणवाडीच्या ताई अथवा आशाताई दारी आल्या असता त्यांस केवळ वजन व लस विचारू नये, मुलाच्या कानाविषयीही विचारावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपल्या बोलण्यातील सीपीआर, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. तेथील कान-नाक-घसा विभाग हे चौकशीचे पहिले ठिकाण होय.

निदानानंतर यंत्राचा प्रश्न येतो. गरजू दिव्यांगांस साधने पुरविणारी केंद्र सरकारची 'एडिप' योजना १९८१ पासून चालत आली आहे. तिच्यातून उत्पन्नाच्या मर्यादेप्रमाणे श्रवणयंत्र विनामूल्य वा अल्प किमतीत मिळते. ज्या बालकास यंत्रानेही ऐकू येत नाही, त्याच्या आंतरकर्णात शस्त्रक्रियेने 'कॉक्लिअर इम्प्लांट' बसविता येते. त्यास कित्येक लाखांचा खर्च आहे. परंतु पात्र बालकांसाठी याच योजनेतून साहाय्य मिळते, आणि त्या कामाची सूत्रे मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्थेकडे आहेत. येथे एक इशारा दिलाच पाहिजे. यंत्र बसले म्हणजे मूल बोलू लागले असे होत नाही. पुढे महिनोगणती, वर्षेगणती वाचा-उपचाराची तालीम करावी लागते, आणि त्या तालमीची मुख्य शिक्षिका घरची आईच असते. पुष्कळ कुटुंबे शस्त्रक्रियेपर्यंत धीर धरतात व तालमीत गळतात. तेव्हा त्यांस पाठबळाची खरी गरज असते.

तिसरी गोष्ट कागदाची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. त्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांस ७० डेसिबल श्रवणहानी असल्यास 'कर्णबधिर', व ६० ते ७० डेसिबल असल्यास 'ऐकण्यास कमी' असे मानतात. शासकीय रुग्णालयातील तपासणीनंतर प्रमाणपत्र व देशभर चालणारे 'यूडीआयडी' ओळखपत्र मिळते. दोष ४० टक्के वा अधिक ठरल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के, व सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असून त्या चारांतील एक टक्का श्रवणदोष असलेल्यांचा आहे. कित्येक कुटुंबे लाजेपोटी हे प्रमाणपत्र काढीत नाहीत. मुलीचे लग्न जमणार नाही असे भय बाळगतात. त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो : दोष लपविल्याने लग्न जमेलही, पण तो लपून राहील काय? आणि लपविण्याच्या भरात जे शिक्षण बुडाले ते पुन्हा कोण देईल?

आता शिक्षण व भाषा. १८८० साली मिलान शहरी भरलेल्या परिषदेने हातांच्या भाषेस शाळेतून हद्दपार करून केवळ मुखाने बोलण्याचा आग्रह धरला. त्यामुळे अनेक पिढ्यांची मुले हात बांधल्यासारखी बसली. २०१० साली व्हँकुव्हर येथील तशाच परिषदेने तो जुना ठराव नाकारला. आपल्या देशात २०१५ साली दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, व २०२१ पर्यंत त्याच्या कोशात दहा हजार शब्द जमा झाले. आमचे मत असे की, या दोन मार्गांत भांडण लावू नये. ज्यास यंत्राने बोलता येईल त्यास बोलू द्यावे. ज्यास हाताने बोलता येईल त्याचा हात धरू नये. मूल भाषेवाचून राहणे, हाच काय तो खरा अनर्थ होय.

वृद्धांचे दुःख निराळे असते. आजोबांस ऐकू येईनासे झाले की घरातले लोक आधी ओरडतात, मग कंटाळतात, शेवटी "काही नाही हो" म्हणून विषय संपवितात. या एका वाक्याने म्हातारा मनुष्य घरात असून घराबाहेर जातो. श्रवणहानीकडे दुर्लक्ष केल्यास पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असेही अलीकडील संशोधनावरून दिसते. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली, तिच्यात श्रवणयंत्राचा समावेश आहे; महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. परंतु मिळालेले यंत्र डबीत पडून राहू नये. पहिले काही आठवडे त्यातून भांड्यांचा, पंख्याचा, रस्त्याचा गलका येतो व जीव नकोसा होतो; रोज थोडा वेळ लावून सवय करावी लागते. आपल्याकडील पावसाळ्यात यंत्रास ओल लागते. ते रात्री कोरड्या डबीत ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे. कानात गरम तेल ओतणे, काडी घालणे, रस्त्यावर कान साफ करून घेणे ही सर्व बंद करावीत.

कामकरी बंधूंस दोन शब्द. शिरोलीचे ओतकाम, इचलकरंजीचे माग यांवर आपल्या जिल्ह्याची चूल पेटते. पण त्याच आवाजात कान झिजतात. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तासांहून अधिक राहणे धोक्याचे मानतात. गोंगाटाने येणारे बहिरेपण हा कायद्याने नोंदविण्याजोगा व्यवसायरोग आहे. म्हणून कानाची बुचे मागणे हा भित्रेपणा नव्हे. आणि जो तरुण दिवसभर यंत्रापाशी राबतो, त्याने मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभे राहून उरलेला कानही का गमवावा?

शेवटी आपल्या मंडळीचे कर्तव्य. शुभवर्तमानात बहिऱ्या मनुष्याची कथा आहे. प्रभूने त्यास बरे करण्यापूर्वी गर्दीतून बाजूला नेले, हे आपण वाचतो व विसरतो. जमावात त्या मनुष्यास काहीच कळले नसते. एकट्यास वेळ देणे, हा त्या कथेचा पहिला धडा आम्ही समजतो. २०२४ च्या मे महिन्यात केरळातील त्रिशूर येथे फादर जोसेफ थेरमाडम या कर्णबधिर तरुणास गुरुदीक्षा मिळाली. बधिर मनुष्य केवळ दयेचा विषय नसून सेवेचा अधिकारीही आहे, हे त्यावरून आपण जाणावे.

म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितो. एक, प्रत्येक वॉर्डात दोन स्वयंसेवक नेमावेत. त्यांनी श्रवणहीन व्यक्तीबरोबर रुग्णालयात व कचेरीत जावे, तिचे नाव पुकारले की तिला खुणवावे, आणि सांगितलेले कागदावर लिहून द्यावे. बोलावे मात्र तिच्याशी, तिच्याविषयी दुसऱ्याशी नव्हे. दोन, मंदिरात पुढील बाक त्यांच्यासाठी राखावे व त्या दिवसाची वाचने आणि प्रवचनाचा सारांश लिहून द्यावा. तीन, पापनिवेदनासाठी आडोशाची पण उजेडाची जागा असावी, जेथे लिहून अथवा ओठ पाहून बोलणे होईल. चार, आपल्या तरुणतरुणींपैकी काहींनी सांकेतिक भाषा शिकावी. बोलताना प्रत्येकाने समोर उभे राहावे, तोंड झाकू नये, सावकाश बोलावे, ओरडू नये. कळले नाही तर तेच वाक्य निराळ्या शब्दांत सांगावे. यास पैसा लागत नाही.

या ज्युबिलीची आठवण म्हणून घंटा बसवाव्यात, दिवे लावावेत. त्यात आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्यास घंटा ऐकू येत नाही त्यास आपण घरी जाऊन, खांद्यावर हात ठेवून बोलावून आणले, तर त्या घंटेचे काम पूर्ण झाले असे आम्ही समजू.