अकरा रिव्ह्यू आणि पाट्यावरचं हमस

आज खाण्याबद्दल बोलायचंय. खरं तर खाऊन झाल्यावर आपण टेबलावरच मोबाइल काढून जे लिहितो, त्याबद्दल. आधीच सांगतो, या गोष्टीतल्या हॉटेलचं नाव मी घेणार नाही, नेमकी जागाही सांगणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका. का ते पुढे कळेलच.

मागच्या दिवाळीत माझे ऑफिसमधले दोन मित्र पुण्याहून माझ्यासोबत आले होते. त्यांना ताडोबा बघायचं होतं. मोहर्लीच्या गेटमधून सकाळची सफारी केली, वाघ काही दिसला नाही, रानगवे दिसले, आणि मग आम्ही चंद्रपूर, मूल, सावली, व्याहाड करत गडचिरोलीला माझ्या घरी निघालो. वाटेत वैनगंगा लागते. आमच्याकडे ही नदीच दोन जिल्ह्यांची हद्द आहे, बऱ्याच ठिकाणी अलीकडे चंद्रपूर आणि पलीकडे गडचिरोली. काठावर एक नवीन रेस्टॉरंट झालंय असं मॅपवर दिसलं. ४.६ रेटिंग. आणि बोर्डावर काय? मेडिटेरेनियन!

आता मी इथला पोरगा. आमच्याकडे बाहेर जेवायचं म्हणजे सावजी, नाही तर ढाब्यावरची शेवभाजी. वैनगंगेच्या काठी हमस आणि फलाफल मिळतंय म्हटल्यावर माझी कॉलर टाइट. मित्रांना म्हटलं, बघा, तुम्हाला वाटत होतं आमच्याकडे फक्त जंगल आहे.

बसलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, पण नदी अगदी समोर. पावसाळा संपून पाणी निवळलेलं, पलीकडे वाळू. हमस, पिटा, फलाफल, टॅबुले आणि ग्रिल केलेला मासा अशी ऑर्डर दिली. आणि वाट बघत बसलो. वीस मिनिटं, अर्धा तास, पन्नास मिनिटं.

वाढायला एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्यानं टॅबुले आणून ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, पार्सली नाही भेटली, सांभार टाकला हाये."

माझा मित्र पाणी पिता पिता ठसकला. "सॅलडमध्ये सांबार?"

विदर्भातले श्रोते आता हसत असतील. बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मी ते तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मी सांगितलं नाही. मीसुद्धा हसलो. त्या पोराला कळेचना काय झालं ते, तो कानकोंडा होऊन आत निघून गेला.

मग हमस आलं. भरड. चमच्याला दाणे लागत होते. वर ऑलिव्ह ऑइलच्या जागी जवसाचं तेल, त्याचा वास आमच्याकडच्या माणसाला डोळे मिटूनही ओळखू येतो. मासा ताजा होता, पण त्याला चिखलाचा वास येत होता. बिल आलं १,६४० रुपये, आणि त्याखाली १६४ रुपये सर्व्हिस चार्ज. आम्ही बिल भरलं आणि निघालो.

गाडीत बसल्या बसल्या मी रिव्ह्यू लिहिला. इंग्रजीत. एक तारा. सॅलडमध्ये सांबार, हमस म्हणजे दाण्याच्या चटणीचा चुलतभाऊ, वेटर जंगल सफारीतून थेट आलेला, असलं सगळं. मित्र हसून हसून लोळत होते. त्या दोघांनीही एकेक तारा दिला. माझ्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर फिरला. मला दोन दिवस भारी वाटत होतं.

आता मी इंजिनिअर आहे, त्यामुळे इथे थोडं गणित करू. माझ्या रिव्ह्यूआधी त्या जागेचे एकूण रिव्ह्यू होते अकरा. अकरा! सरासरी ४.६. आम्ही तिघांनी एकेक तारा दिल्यावर ती झाली ३.९. एका संध्याकाळी, गाडीतून. हेच आम्ही पुण्यातल्या पाच हजार रिव्ह्यूंच्या एखाद्या हॉटेलला केलं असतं तर ४.६ चं ४.६ च राहिलं असतं, दशांशाचा आकडा जागचा हलला नसता. आणि मॅपवर "चारच्या वरचेच दाखवा" असं फिल्टर लावणारे किती जण आहेत बघा. मी स्वतः लावतो. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला ते हॉटेल दुसऱ्या दिवसापासून दिसणंच बंद झालं.

याच्यावर अभ्यास झालेला आहे बरं का. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी अमेरिकेत सिएटलमधल्या रेस्टॉरंटची कमाई आणि येल्प या साइटवरचं रेटिंग जुळवून पाहिलं, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रेटिंग एका ताऱ्यानं वाढलं की कमाई ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असं त्यांना दिसलं. पण यातली खरी गोम अशी की हा फरक एकट्यादुकट्या मालकाच्या हॉटेलांना पडतो, मोठ्या साखळीवाल्यांना पडत नाही. साहजिक आहे. साखळीतल्या बर्गरची चव काय असणार ते आपल्याला आधीच माहीत असतं, तिथे रिव्ह्यू कोण वाचतो? नदीकाठी नवीन काहीतरी करून बघणाऱ्या माणसाकडे मात्र ते अकरा रिव्ह्यूच असतात.

खोट्या रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं मानक काढलंय. माझा रिव्ह्यू त्यातून आरामात पास झाला असता. मी खरंच गेलो होतो, खरंच जेवलो होतो, पैसेही दिले होते.

पुढे महाशिवरात्रीला मी घरी आलो. आमच्याकडे महाशिवरात्र म्हणजे मार्कंडा. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा एका ठिकाणी वळून उत्तरेकडे वाहते, तिथे मार्कंडादेवाची जुनी दगडी देवळं आहेत, आणि मोठी यात्रा भरते. लहानपणापासून जातो. यात्रेत खाण्याची एक मजा आहे. भजी कच्ची निघाली तर आई तिथल्या तिथे सांगते, "काय हो दादा, आतून पीठच आहे की." तो माणूस दोन भजी परत कढईत सोडतो, वर एक जास्तीची देतो. विषय संपला. आईनं आयुष्यात एकही रिव्ह्यू लिहिलेला नाही, पण तिच्याइतक्या तक्रारी केलेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी काही कामानं चंद्रपूरला गेलो होतो. परत येताना त्या हॉटेलसमोर गाडी आपोआप हळू झाली. बोर्ड बदलला होता. मेडिटेरेनियन गायब. "व्हेज-नॉनव्हेज थाळी. पार्सल मिळेल."

आत गेलो. दुपारचे तीन वाजले होते, मी एकटाच होतो. तो पोरगा दिसला नाही. मालक स्वतः वाढत होते, पन्नाशीचे असतील. भात, वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. चांगलं होतं, अगदी घरच्यासारखं. मी सहज विचारावं तसं विचारलं, "काका, आधी इथे काहीतरी वेगळं मिळायचं ना?"

तर ते समोरच बसले. कुवेतमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तिकडच्या लोकांकडून शिकले. परत आल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की हे सगळं सामान तर आपल्याकडेच आहे. आणि तसं आहेही. हमस हा अरबीत चण्यालाच शब्द आहे, आणि हरभरा आमच्याकडे पिकतो. ताहिनी म्हणजे तिळाची पेस्ट. टॅबुलेत घालतात तो बुलगुर म्हणजे आपल्या दलियाचाच भाऊ. लबनेह म्हणजे जवळजवळ चक्का. फक्त ऑलिव्ह ऑइल परवडत नव्हतं आणि पार्सली चंद्रपूरच्या बाजारात रोज मिळत नव्हती, म्हणून जवसाचं तेल आणि सांभार.

"मग बंद का केलं?"

"चाललं नाही बाबू. दिवाळीत चांगले लोक यायले लागले होते, ताडोबावाले. मग कमी झाले. इंग्रजीत काहीतरी लिहिलं कोणी. पोरीनं वाचून दाखवलं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. खोटं कशाला सांगू, एक सेकंद वाटलं की गप्प बसावं, बिल द्यावं आणि निघावं. पण ते म्हणाले, "त्या दिवशी लाइन गेली होती न. मिक्सर बंद. मग बायकोनं चणे पाट्यावर वाटले. तिघं जण बसून होते, परत कसं पाठवाव?"

पन्नास मिनिटं. तिकडे ती बाई पाट्यावर हमस वाटत होती, आणि इकडे मी घड्याळ बघत होतो. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, अख्ख्या महाराष्ट्राला वीज देतं, आणि त्याच भागात एका मिक्सरपुरती लाइन नव्हती. आणि गंमत म्हणजे मिक्सर येण्याआधी तिकडेही हमस हातानंच कुटायचे. म्हणजे आम्ही त्या दिवशी जे खाल्लं ते पुण्यात कुठेही मिळणार नाही असं होतं, आणि मी त्याला एक तारा देऊन आलो होतो.

मी सांगितलं. "काका, तो रिव्ह्यू माझा आहे."

ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले, पाण्याचा जग घेऊन आले, माझा ग्लास भरला. मग म्हणाले, "भरड होतं ते खरं होतं. पण त्या पोराबद्दल नव्हतं लिवायचं. त्यानंही वाचलं. आता तो हैदराबादला हाये, सेंट्रिंगच्या कामावर."

तो माझ्या रिव्ह्यूमुळेच गेला असं ते म्हणाले नाहीत. धंदा कमी झाला, दोन माणसं ठेवणं जमेना, एवढंच म्हणाले. आमच्याकडची अर्धी पोरं मिरची तोडायला, बांधकामावर तेलंगणात जातातच. मी यावर जास्त काही बोलत नाही, कारण मला स्वतःला बरं वाटेल असं काहीतरी बोलून जाईन.

मग बिल आलं. आणि त्यावर खाली पुन्हा तेच. सर्व्हिस चार्ज, १० टक्के.

आता ऐका. माझ्या त्या विनोदी रिव्ह्यूमध्ये ही गोष्ट नव्हतीच! पुढच्या गिऱ्हाइकाला खरंच उपयोगी पडेल अशी एकच तक्रार होती, आणि ती मी लिहिली नव्हती, कारण तिच्यात जोक नव्हता. नियम काय आहे ते सांगतो, कारण तुम्हालाही लागेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही लावायचा नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवणार. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या. जीएसटी वेगळा, तो सरकारकडे जातो. सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा. नाही काढला तर १९१५ वर फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मी १९१५ ला फोन केला नाही. काकांना विचारलं, हे का लावता? त्यांना खरंच माहीत नव्हतं. "मशीनवाल्यानं लावून देल्लं. सगळ्यांचंच असते म्हणे." बिलाचं मशीन म्हणजे एक टॅब होता, त्यात बिलिंगचं अॅप. मी सेटिंगमध्ये गेलो. चार्जेस, डिफॉल्ट, ऑन. बंद केलं. तीस सेकंद लागले असतील. माझ्यासारख्याच कुणीतरी, कुठल्यातरी एसी ऑफिसात बसून ते डिफॉल्ट ऑन ठेवलं असणार. आमच्या कामात डिफॉल्टवर कोणी चर्चा करत नाही, टिकेट बंद करायची घाई असते.

जीएसटीची ओळ नीट आहे का तेही बघितलं, मेन्यूतलं स्पेलिंग दुरुस्त केलं. काकांनी चहा पाजला. पैसे घेत नव्हते, मी जबरदस्तीनं दिले.

रात्री घरी येऊन रिव्ह्यू उघडला. काढून टाकावा असं वाटलं, पण मग त्यांना काय मिळालं? एक तारा कमी झाला, बाकी रिकामं. म्हणून बदलला. पुण्याच्या दोन मित्रांनाही सांगितलं. एकानं आपला काढला. दुसरा म्हणाला, माशाला वास येत होता ना, मग माझं मत तेच आहे. त्याचंही बरोबर आहे, मासा खरंच तसा होता. मीही पाच दिले नाहीत, चार दिले.

या वेळी मराठीत लिहिला. वाचून दाखवतो, छोटाच आहे:

"नदी अगदी समोर आहे, संध्याकाळी पाचच्या आसपास जा. थाळी घरच्यासारखी, जवसाची चटणी मागून घ्या. मासा घ्यायचा तर आधी विचारा, आम्हाला एकदा चिखलाचा वास आला होता. बिलात सर्व्हिस चार्ज आता लावत नाहीत. जेवण यायला वेळ लागू शकतो, लाइन जाते. टॅबुलेत सांभार म्हणजे कोथिंबीर. मालकांना हमस उत्तम येतं, पाट्यावरचं मागा. त्यासाठी आदल्या दिवशी फोन करा, चणे भिजू घालावे लागतात."