मौनाचा अपराध

एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे डॉक्टराला, शिक्षकाला अथवा वसतिगृहाच्या अधीक्षकाला कळले, तर त्याने काय करावे? पुष्कळ सज्जन म्हणतात, ‘आधी खात्री करून घेऊ, उगाच कुणाची अब्रू कशाला घालवा?’ हा विचार वरवर विवेकाचा वाटतो. कायद्याला मात्र तो मान्य नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या ‘पॉक्सो’ कायद्याचे १९ वे कलम सांगते की, असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा तो घडेल अशी ज्याला भीती वाटते, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, वर्दी न दिल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरावरील फिर्याद उच्च न्यायालयाने रद्द केली होती. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि माहिती असून मौन बाळगणे हा गंभीर गुन्हा होय, असे बजावले.

शहानिशा करणे हे पोलिसांचे काम, निवाडा न्यायालयाचा. आपल्याकडे मागितली आहे ती केवळ वर्दी, आणि सद्भावनेने ती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मुलाला स्वतः ठाण्याची पायरी चढवत नाही. त्याच्या वतीने ती आपण चढायची असते.