उपाहार-काउंटरवरील सत्याग्रह



अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९६० साली एखादा कृष्णवर्णीय ग्राहक मोठ्या दुकानात शिरला, तर वह्या, कापड, टूथपेस्ट इत्यादी वस्तू त्याला विकत घेता येत असत. त्याचे पैसे गल्ल्यात बिनदिक्कत जमा होत. मात्र त्याच दुकानाच्या एका बाजूस असलेल्या उपाहार-काउंटरपाशी बसून कॉफी मागण्याची त्याला मुभा नव्हती. ती जागा गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली असे. त्याचा पैसा चालत असे. त्याची पंगत चालत नसे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो शहरी चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ही प्रथा मोडावयाचे ठरविले. वूलवर्थ कंपनीच्या दुकानात त्यांनी किरकोळ खरेदी केली व नंतर काउंटरवर बसून कॉफी मागितली. नकार मिळाला, तरी दुकान बंद होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले आणि आठवडा संपण्यापूर्वीच त्यांची संख्या शेकड्यांवर गेली.

हा सारा प्रकार तारुण्याच्या क्षणिक आवेशातून घडला, असा कोणाचा समज होण्याचा संभव आहे. परंतु टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराची हकीकत पाहिली म्हणजे या आंदोलनामागे केवढी पूर्वतयारी होती हे कळून येते. त्या तयारीचा एक धागा थेट नागपूरपर्यंत पोहोचतो.

जेम्स लॉसन हे मेथडिस्ट पंथाचे तरुण धर्मसेवक. कोरियातील युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांना तुरुंगवास भोगावा लागला होता. सुटकेनंतर १९५३ साली ते नागपुरास आले व हिस्लॉप कॉलेजात काम करू लागले. सुमारे तीन वर्षांच्या या वास्तव्यात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची वार्ता त्यांनी नागपुरातच वाचली. १९५६ साली ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. लॉसन यांनी विलंब न लावता दक्षिणेत कार्यास यावे, असा आग्रह किंग यांनी धरला. त्यानुसार लॉसन नॅशव्हिलला आले.

१९५९ साली लॉसन यांनी तेथील विद्यार्थ्यांसाठी अहिंसेचे शिक्षणवर्ग चालविले. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हेल आदी विद्यार्थी या वर्गांतूनच पुढे आले. येथे केवळ व्याख्याने होत नसत. काही विद्यार्थी काउंटरवर बसल्याचा आव आणीत, तर इतर त्यांना शिव्या देत, ढकलीत, त्यांच्या तोंडावर धूर सोडीत. बसलेल्याने प्रतिकार करावयाचा नाही, पण जागाही सोडावयाची नाही, असा हा सराव होता. मारहाण झाल्यास डोके कसे सांभाळावे, सोबत्याला आडोसा कसा द्यावा, हेही शिकविले जाई. त्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी काही दुकानांत जाऊन खाद्यपदार्थ मागितले, नकार मिळताच चालकांशी शांतपणे बोलणे केले आणि ते परत आले. प्रत्यक्ष लढ्यापूर्वीची ही पाहणी होती.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी नॅशव्हिलमध्ये शंभराहून अधिक विद्यार्थी नीटनेटका पोशाख करून दुकानांत जाऊन बसले. कित्येकांनी अभ्यासाची पुस्तके बरोबर आणली होती. त्यांच्यासाठी लेखी आचारसंहिताही तयार करण्यात आली. उलट हात उगारू नये, अपशब्द बोलू नये, दुकानाची वाट अडवू नये, ताठ बसावे व सर्वांशी सौजन्याने वागावे, असे तिचे स्वरूप होते. २७ फेब्रुवारीस गोऱ्या तरुणांच्या जमावाने या विद्यार्थ्यांना मारहाण केली. पोलिसांनी मात्र पकडले ते मार खाणाऱ्यांना. ऐंशीच्या आसपास विद्यार्थ्यांना अटक झाली. एक तुकडी नेली की दुसरी येऊन रिकाम्या जागांवर बसे. न्यायालयाने दंड ठोठावला तेव्हा अनेकांनी तो भरण्याऐवजी कारावास पत्करला. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले.

शहरातील कृष्णवर्णीय समाज विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्याने बाजारपेठेतील या दुकानांवर बहिष्कार घातला व व्यापाऱ्यांना तोटा जाणवू लागला. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब फेकण्यात आला. घराची मोठी नासधूस झाली, परंतु लूबी पतिपत्नी बचावली. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत नगरभवनापाशी गेले. केवळ रंगावरून माणसामाणसांत भेद करणे योग्य आहे काय, असे डायन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सर्वांसमक्ष विचारले. ते योग्य नसल्याचे महापौरांनी मान्य केले. १० मे रोजी शहरातील सहा दुकानांनी आपले काउंटर कृष्णवर्णीयांसाठी खुले केले. आरंभीचे काही दिवस लहान लहान गटांनीच जावे, असे उभयपक्षी ठरले होते. त्यामुळे हा बदल दंगाधोपा न होता पार पडला.

अन्यत्र हा झगडा चालूच राहिला. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला, तेव्हा कोठे देशभरातील उपाहारगृहांतील वर्णभेद बेकायदेशीर ठरला. भारतीय राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशाबाबत असा भेद १९५० पासूनच निषिद्ध ठरविला आहे. परंतु कागदावरील हक्क पंगतीत उतरावयाचा, तर तेथे जाऊन बसणारी माणसे लागतात, त्यांना जागा करून देणारे शेजारी लागतात आणि त्यांचे रक्षण करणारे अधिकारी लागतात.

ज्या विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले होते, त्यानेच २००६ साली त्यांना अध्यापनासाठी सन्मानाने बोलाविले. २०२४ साली, वयाच्या ९५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शांत राहणे ही उपजत देणगी नसून शिकण्याची व शिकविण्याची गोष्ट आहे, ही त्यांच्या वर्गाची शिकवण. संताप येण्याजोगे कारण असूनही त्या मुलांनी हात आवरला, कारण तो कसा आवरावा याचा सराव त्यांनी महिनोन् महिने केला होता.