डोंगरांतून येणारा निरोप



पूर्वीं घरांतील कोणी काशीयात्रेस निघालें म्हणजे वेशीपर्यंत पोंचवावयास गेलेल्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी उभें राही. यात्रेकरू परत येईल तेव्हां येईल. मधल्या काळांत त्याच्याविषयीं कांहीं कळावयाचें नाहीं, हें सर्वांनीं गृहीत धरलेलें असे. त्या अज्ञानांत दुःख होतें, पण एक प्रकारचें स्वास्थ्यहि होतें. निरोप येणारच नसल्यामुळें तो कां आला नाहीं, ही चिंता कोणास जाळीत नसे. आज आपलीं मुलें परदेशांतील पर्वतांत, अरण्यांत, निर्मनुष्य पायवाटांवर आनंदानें हिंडतात, आणि त्यांच्या पिशवीच्या पट्ट्याला तळहाताएवढें एक यंत्र लटकत असतें. तें उपग्रहाकरवीं घरीं निरोप धाडतें. अशा उपग्रह-संदेशयंत्रांविषयीं, आणि विशेषतः तीं वापरणाऱ्यांना आलेल्या अनुभवांविषयीं, मी आज थोडें बोलणार आहें.

प्रथम घरचाच एक प्रसंग सांगतों. माझा भाचा अमेरिकेंत शिकावयास आहे. दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत तो कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतांतून जाणाऱ्या 'जॉन म्यूर ट्रेल' या वाटेनें निघाला. योसेमिटीच्या दरीपासून माउंट व्हिटनीच्या शिखरापर्यंत ही वाट सुमारें ३४० किलोमीटर लांब आहे. मोबाईल चालेल अशीं ठिकाणें तिच्यावर फारच थोडीं. म्हणून त्यानें असें एक यंत्र बरोबर घेतलें होतें. दर दहा मिनिटांनीं तें आपला ठावठिकाणा कळवी, आणि इकडे पुण्यास माझी धाकटी बहीण संगणकावरच्या नकाशांत एक निळा ठिपका सरकतांना पाही. शिवाय रोज मुक्कामीं गेल्यावर 'पोंचलों' एवढा निरोप धाडावयाचा, असें मायलेकांचें ठरलें होतें. पहिले आठदहा दिवस ठिपका शहाण्या मुलासारखा चालला. मग एके दिवशीं सकाळीं सात वाजतां बहिणीचा मला फोन आला. "दादा, ठिपका हलत नाहीं रे! म्यूर खिंडीपाशीं थांबला, तो थांबलाच आहे."

तेथील घड्याळ उन्हाळ्यांत आपल्याहून साडेबारा तास मागें असतें. म्हणजे तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ झालेली होती, आणि ठिपका दुपारीं तीन वाजल्यापासून जागचा हलला नव्हता. ती खिंड समुद्रसपाटीपासून सुमारें ३६०० मीटर उंच. आमचे नऊ वाजले, दहा वाजले. तिकडे काळोख पडला. 'पोंचलों' हा निरोप कांहीं आला नाहीं. अमेरिकेंत डोंगरांतील शोधाचें काम बहुधा त्या त्या काउंटीच्या शेरिफच्या कचेरीकडे असतें. शेवटीं मीं तेथें फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्यानें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला : "निरोप आला नाहीं तर तुम्हीं किती वेळ वाट पाहावी, हें त्यानें तुम्हांला सांगून ठेवलें आहे काय?"

या प्रश्नाला आम्हां बहीणभावांपाशीं उत्तर नव्हतें. यंत्र होतें, नकाशा होता, ठिपका होता. पण ठिपका थांबला तर त्याचा अर्थ काय समजावयाचा, हें कोणींच ठरविलेलें नव्हतें. त्या दिवसाचा शेवट काय झाला तें पुढें सांगेन. आधीं हीं यंत्रें करतात तरी काय, तें पाहूं.

यांच्या मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली जात केवळ संकटाची हांक मारणाऱ्या बीकनची. १९७९ सालीं अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएट रशिया या चार राष्ट्रांनीं आपसांतील राजकीय वैर बाजूस ठेवून, संकटांत सांपडलेलीं विमानें व जहाजें उपग्रहांच्या साहाय्यानें शोधण्याचा करार केला. कॉस्पास-सारसॅट हें त्या योजनेचें नांव. १९८२ च्या सप्टेंबरांत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत एक लहान विमान कोसळलें. त्यांतील तिघांचा ठाव एका रशियन उपग्रहामुळें लागला आणि ते वांचले. आज भारतहि या योजनेंत सहभागी असून बंगळूर व लखनौ येथें तिचीं भूकेंद्रें आहेत. खिशांत मावेल असें बीकन बाळगण्याची मोकळीक अमेरिकेंतील सामान्य प्रवाशांना २००३ च्या जुलैपासून मिळाली. तें ४०६ मेगाहर्ट्झवर पांच वॅटच्या जोरानें हांक मारतें आणि त्याला वर्गणी लागत नाहीं. मात्र 'मी संकटांत आहें' यापलीकडे त्याला दुसरें वाक्य येत नाहीं.

दुसरी जात संदेशयंत्रांची. २००७ सालीं निघालेलें 'स्पॉट' हें यंत्र एकमार्गी होतें. 'मी ठीक आहें', 'मदत हवी', 'जिवावर बेतलें आहे' असे ठराविक निरोप तें धाडी. परंतु उत्तर घेण्याची सोय त्यांत नव्हती. २०११ सालीं 'इनरीच' निघालें आणि १६० अक्षरांचा निरोप जाऊंहि लागला व येऊंहि लागला. हें यंत्र इरिडियमच्या उपग्रहमालेचा उपयोग करतें. तिचे ६६ उपग्रह सुमारें ७८० किलोमीटर उंचीवरून उत्तर-दक्षिण फिरत असतात, त्यामुळें पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि उभें राहिलें तरी आकाश मोकळें असल्यास त्यांपैकीं एखादा क्षितिजावर सांपडतोच. २०२२ च्या नोव्हेंबरपासून तर कांहीं मोबाईल फोनांनाच उपग्रहाला हांक मारण्याची विद्या अवगत झाली आहे.

आतां वापरणाऱ्यांचें म्हणणें काय? आमच्या त्या दिवसानंतर मीं अशा पुष्कळांना विचारलें, पुष्कळांचे अभिप्राय वाचले. स्तुति बहुतेकांनीं एकाच गोष्टीची केली, ती म्हणजे उत्तर येण्याची. पाय मोडून कड्याखालीं पडलेल्या माणसाला आपली हांक कोणीं ऐकली कीं नाहीं हें न कळणें, ही पाय मोडण्याहून मोठी यातना. 'हांक पोंचली, माणसें निघालीं आहेत, जागा सोडूं नका,' एवढीं तीन वाक्यें पडद्यावर उमटलीं म्हणजे त्याला धीर येतो. बचाव करणाऱ्यांचाहि यांत लाभ आहे. दुखापत कोणती, बरोबर किती माणसें, पाणी आहे कीं नाहीं, हें त्यांना निघण्यापूर्वींच विचारतां येतें.

तक्रारीहि आहेत. ऐन थंडींत बॅटरी लवकर मान टाकते. हातमोजे घातलेल्या बोटांना लहान बटनें सांपडत नाहींत. वर्षांतून तीन आठवडे डोंगरांत जाणाऱ्याला महिन्याची वर्गणी जड वाटते. दाट झाडींत आणि अरुंद दरींत आकाशाची एक चिंधी तेवढी दिसते, आणि तेथून निरोप निघावयास अर्धा-अर्धा तास लागतो. परंतु सर्वांत अधिक ऐकूं आलेली तक्रार यंत्रापेक्षां मनासंबंधीं अधिक आहे. प्रवासी म्हणतो, 'मीं निरोप पाठविला'. घरचे म्हणतात, 'आम्हांस मिळाला नाहीं'. दोघेहि खरें बोलत असतात. बटन दाबणें आणि निरोप उपग्रहाच्या हातीं पडणें या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि त्यांच्यामधलें अंतर प्रवाशाच्या ध्यानांत राहत नाहीं.

माझ्या भाच्याचें नेमकें हेंच झालें होतें. खिंड उतरतांना पावसाची सर आली, म्हणून यंत्र पिशवीच्या तळाशीं गेलें. रात्रीं तंबूंत त्यानें 'पोंचलों' असें लिहिलें, बटन दाबलें, आणि यंत्र कोठें हरवूं नये म्हणून तें स्वयंपाकाच्या पातेल्यांत ठेवून, वर झांकण घालून तो स्वस्थ झोंपी गेला! धातूच्या पातेल्यांतून आकाशाशीं बोलणें कोणत्याहि यंत्रास साधत नाहीं. सकाळीं त्यानें चहासाठीं पातेलें उघडलें तेव्हां रात्रीचा निरोप वाटेला लागला. पुण्यास तेव्हां रात्रीचे साडेआठ वाजले होते. बहीण दिवसभर जेवली नव्हती.

आमच्यावर निभावलें. पण हांक आणि ऐकणारा यांच्यामधला मेळ चुकला म्हणजे काय होऊं शकतें, याचे दोन प्रसंग प्रसिद्ध आहेत. पहिला अमेरिकेंतील ग्रँड कॅन्यनचा, २००९ च्या सप्टेंबरांतला. दोन गृहस्थ आपल्या दोन मुलांसह त्या प्रचंड दरींत उतरले होते. त्यांनीं संकटाचें बटन तीन वेळां दाबलें. पहिल्या वेळीं पाणी संपलें म्हणून. पण मदत पोंचेपर्यंत ओढा सांपडला होता, आणि त्यांनीं परत येण्यास नकार दिला. दुसऱ्या खेपेस रात्रीं, अंधारांत पाहण्याचीं साधनें लावून हेलिकॉप्टर उतरलें. कारण काय, तर त्या ओढ्याचें पाणी खारट लागत होतें! याहि वेळीं ते परत येईनात. तिसऱ्या वेळीं मात्र त्यांना चढवून बाहेर आणलें व त्यांच्या म्होरक्यावर कायदेशीर कारवाई झाली. अशा काळोख्या दरींत हेलिकॉप्टर नेणारा वैमानिक प्रत्येक वेळीं स्वतःचा जीव पणास लावीत असतो, हें त्या मंडळींच्या लक्षांत आलें नाहीं.

दुसरा प्रसंग याच्या अगदीं उलट, आणि तो सांगतांना जीभ अडखळते. २००६ च्या डिसेंबरांत ऑस्ट्रेलियांतील सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स पर्वतांत तीन विद्यार्थी पदभ्रमणास गेले. पाणी संपलें. त्यांपैकीं सतरा वर्षांचा एक मुलगा सोबत्यांपासून मागें पडला. त्याच्यापाशीं साधा मोबाईल होता, आणि तो लागतहि होता. त्यानें संकटकाळच्या क्रमांकावर एकदां नव्हे, अनेकदां फोन केला. पलीकडून त्याला विचारण्यांत आलें : रस्त्याचें नांव काय? जवळचा चौक कोणता? डोंगरांत रस्ता कोठला आणि चौक कोठला! आठवड्यानंतर त्याचा मृतदेह सांपडला. २००९ सालीं या प्रकरणाची न्यायालयीन चौकशी झाली आणि त्या प्रश्नोत्तरांवर कठोर टीका झाली. आज त्याच पर्वतांत पोलीस व राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी प्रवाशांना बीकन विनामूल्य वापरावयास देतात. मात्र आपली वाट व परतण्याची वेळ लिहून द्या, असा त्यांचा आग्रह असतो.

ग्रँड कॅन्यनमध्यें यंत्रानें आपलें काम चोख केलें. हांक मारणाऱ्याची समज तोकडी पडली. ब्लू माउंटन्समध्यें त्या मुलानें करावयाचें तें सारें केलें. ऐकणाऱ्याची समज तोकडी पडली. आणि आमच्या घरीं समजच ठरलेली नव्हती. म्हणून माझें सांगणें एवढेंच आहे : यंत्र विकत घेण्यास हरकत नाहीं, पण त्याबरोबर घरच्यांशीं एक लेखी करार करा. किती तासांच्या मौनाला मौनच समजावें आणि किती तासांनंतर तें संकट समजावें, तें त्यांत स्पष्ट असावें. वाट कोणती, मुक्काम कोठें, सोबत कोण, आणि वेळ आल्यास कोणत्या कचेरीला फोन करावा, हें लिहून ठेवावें. संकटाचें बटन जीव किंवा अवयव धोक्यांत असतां, आणि आपल्या पायांनीं सुटका अशक्य असतांनाच दाबावें. निरोप 'पाठविला' असें न म्हणतां तो 'गेला' अशी खूण पडद्यावर दिसेपर्यंत यंत्र मोकळ्या आकाशाखालीं ठेवावें. आणि ही सारी तालीम निघण्यापूर्वीं घराच्या गच्चीवर एकदां करून पाहावी. अर्थात् जेथें यंत्र बाळगण्यास मोकळीक आहे तेथेंच.

हें शेवटचें वाक्य मुद्दाम घातलें आहे. भारतांत दूरसंचार खात्याच्या परवानगीवांचून उपग्रह-फोन किंवा असें संदेशयंत्र जवळ बाळगणें कायद्याविरुद्ध आहे. २०२४ च्या डिसेंबरांत गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला अशाच यंत्रापायीं अडविण्यांत आलें. जगभर बरोबर नेलेली वस्तु येथें गुन्हा ठरेल, याची तिला कल्पना नव्हती. परदेशांतून सुटीवर येणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट अवश्य कळवा. तीं मोठ्या हौसेनें तें यंत्र सह्याद्रींत वापरावयास म्हणून घेऊन येतील आणि सामानाच्या तपासणींत अडकतील.

मग आपल्या सह्याद्रींत काय करावें? कराराला उपग्रह लागत नाहीं. किल्ल्यावर चढण्यापूर्वीं पायथ्याच्या गांवांत एखाद्या घरीं आपलीं नांवें, संख्या आणि परतण्याची वेळ सांगून जावी. तीच माहिती घरीं कागदावर ठेवावी. मोबाईलला जेथें शेवटची रेघ मिळेल तेथून निरोप धाडावा आणि पुढें किती वेळ संपर्क होणार नाहीं तेंहि त्यांत सांगावें. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेसारख्या स्वयंसेवकांच्या तुकड्या हांकेसरशीं धांवून येतात. पण कोणत्या दरींत उतरावयाचें, हें त्यांना कोणीं तरी सांगावें लागतें.

माझा भाचा गेल्या वर्षीं पुन्हां त्याच पर्वतांत गेला. निघण्यापूर्वीं त्यानें आईला एक पानभर मजकूर लिहून पाठविला. 'ठिपका थांबला तरी भिऊं नकोस. चोवीस तास निरोप आला नाहीं तर मामाला सांग. छत्तीस तास झाले तर खालच्या क्रमांकावर फोन कर आणि हें पान त्यांना वाचून दाखव.' बहिणीनें तो कागद देवघराशेजारीं भिंतीला चिकटविला. मधें एक रात्र निरोप आला नाहीं. मीं काळजीनें फोन केला, तर ती म्हणाली, "दादा, आत्तां कुठें सोळा तास झालेत. मी जेवून घेतें, तूंहि जेव."